यांनी झोप उडवली

मी दिवसभर दिलगीर असते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, तेवढा वेळ मला कशाचंच वाईट वाटत नाही. फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीत मी ऑनलाइन तक्रारींना उत्तरं लिहिते. कुणाचा बर्फ होत नाही, कुणाचा नुसता बर्फच होतो, आणि एका गृहस्थांचं म्हणणं होतं की दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो का, हे आम्ही त्यांना लेखी कळवावं. सगळ्यांना मी लिहिते, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." या एका वाक्यावर मी सात वर्षांत भलेभले थंड केले आहेत. त्यामुळे नेटवर कुणाशी कसं बोलावं हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती.

ती समजूत एका म्हाताऱ्या बाईंनी पंधरा दिवसांत, एकही वाईट शब्द न वापरता, मोडीत काढली.

झालं असं. माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा, भिंतीवर अठरा घड्याळं आणि बाबा. गिऱ्हाइकाने उभंच राहायचं, कारण दुसरी खुर्ची ठेवली तर बाबांना बाहेर बसावं लागेल. सेहेचाळीस वर्षं ते डोळ्याला भिंग लावून तिथे बसलेत आणि त्यांचा एकच नियम आहे. दुरुस्त केलेलं घड्याळ तक्रार घेऊन परत आलं, की आपण उठायचं. एकदम कायमचं. "आणि कधीच आलं नाही?" असं कुणी विचारलं की म्हणतात, "आलं असतं तर मी तुम्हाला इथे दिसलो असतो का?"

हा नियम आम्ही चेष्टेवारी न्यायचो. पण गेल्या वर्षापासून बाबांचा उजवा हात किंचित थरथरतो. चहाचा कप बशीत ठेवताना वाजतो. तो आवाज घरात सगळ्यांना ऐकू येतो आणि त्यावर कुणीच काही बोलत नाही. आई कप थोडा कमी भरते, एवढंच.

आमच्या भागातल्या दुकानांचं एक ॲप आहे. लोक तिथे दुकानांना तारे देतात, खाली मत लिहितात आणि त्या मताखाली इतरांना भांडायची सोय आहे. बाबांना बरं वाटेल म्हणून मीच त्यांचं दुकान तिथे टाकलं. चार मतं आली. मी, आई, माझा धाकटा भाऊ आणि शेजारचे चष्मेवाले काका. चौघांनीही पाच-पाच तारे दिले. चौघांचीही घड्याळं बाबांनीच दुरुस्त केली होती, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं.

मग एका मंगळवारी पाचवं मत आलं. देणाऱ्याचं नाव 'पाखरू'. तारा एक. खाली लिहिलेलं, "यांनी झोप उडवली. माझी एकटीची नाही, घरातल्या सगळ्यांची."

मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घास तोंडातच राहिला. पण मी पडले अनुभवी. शांतपणे दुकानाच्या नावाने लिहिलं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया तपशील कळवावा."

पाचव्या मिनिटाला उत्तर. "गैरसोय कसली? आता सवय झाली. पहिल्या दिवशी जावई घाबरून पलंगावरून खाली आला, इतकंच. तुम्ही मुळीच दिलगीर होऊ नका."

टोमणा मारायची ही तऱ्हा मी चांगली ओळखते. 'दिलगीर होऊ नका' म्हणणारा माणूस पुढच्या ओळीत वकिलाचं नाव काढतो. मी जरा कडक झाले. "गजराचं घड्याळ वाजलं आणि झोप उडाली, तर यात दुरुस्त करणाऱ्याचा दोष कोणता, हे कृपया स्पष्ट करावे."

"दोष कसले शोधता? असा हात मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मी सांगितलं काय आणि यांनी करून ठेवलं काय! इतकं कुणी करतं का? आणि हो, सुरुवातीला 'गजराचं' लिहिलंत, मग शेवटी 'करावे' कशाला? 'करावं' लिहा. एकाच वाक्यात घरचे आणि ऑफिसचे कपडे घालू नयेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापाच्या हाताबद्दल बोलायचं ते बोलायचं, वर माझं मराठी काढायचं! त्या दुपारी मी एका गृहस्थाला 'बर्फ होत नसेल तर तोंडावर पाणी मारा' असं लिहून बसले होते. पाठवण्याआधी पुसलं, ही माझ्या साहेबांवर देवाची कृपा.

असे दहा-बारा दिवस गेले आणि यात माझा भाऊ पडला. त्याला घरात सगळे पैलवान म्हणतात. तो व्यायामशाळेत शिकवतो आणि वजनं जागेवर ठेवायला सांगणं एवढाच त्याला लोकांचं मन वळवण्याचा अनुभव. त्याने आधी लिहिलं, "ए पाखरा, उडून जा!!!" मग कुणालाही न विचारता पाच नवी खाती उघडली. 'टिकटिक', 'वेळेवर', 'समाधानी ग्राहक', 'दुसरा समाधानी ग्राहक' आणि पाचव्याला नाव सुचेना म्हणून नुसतंच 'मी'. पाचही जणांनी पाच-पाच तारे दिले आणि पाचही जणांनी लिहिलं, "आमचं घडयाळ एकदम झकास करून दिलं!!!"

तासाभरात पाखरू हजर. "सर्वांचं अभिनंदन. मात्र पाचही जणांनी घड्याळ हा शब्द चुकीचा लिहिला आहे. ड अर्धा काढून य ला जोडायचा. सगळे एकाच वर्गातले दिसता."

यावर तेवीस लोक हसले. तेवीस! आमच्या आख्ख्या पानावर तोवर इतकी माणसं फिरकलीसुद्धा नव्हती. मग चष्मेवाले काका आमची बाजू घ्यायला पुढे सरसावले. "बाईंना तारे नीट दिसत नसावेत. आमच्याकडे नंबर काढून मिळेल. जिन्याशेजारी, सकाळी दहा ते आठ."

"नंबर मी अगदी बरोबर दिला आहे," पाखरूने लिहिलं. "त्यात बदल होणार नाही."

काय हा हट्ट! मी सात वर्षांत इतकं चिवट गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.

ते तेवीस लोक हसले म्हणून की काय, ॲपवाल्यांचं लक्ष गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पान उघडलं तर पैलवानाची पाचही मतं उडाली होती. त्यांच्याबरोबर पैलवानाचं खरं मत, आईचं आणि माझंही उडालं, कारण सगळं एकाच घरातून आलं होतं. काकांचं उडालं, कारण त्यांनी खालच्या भांडणात स्वतःच्या दुकानाचा पत्ता टाकला होता. सेहेचाळीस वर्षांच्या दुकानाच्या नावावर उरला एक तारा आणि 'यांनी झोप उडवली'.

इथवर बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. पण पैलवान संतापला की त्याला घाम येतो आणि मग तो खरं बोलतो. त्याने तरातरा दुकानात जाऊन फोन बाबांच्या नाकापुढे धरला. "बघा लोक कसे असतात ते!"

बाबांनी डोळ्यावरचं भिंग न काढता ते सगळं वाचलं. वरपासून खालपर्यंत, आमची उत्तरंही. पैलवान सांगतो, ते एवढंच म्हणाले, "गजराची स्प्रिंग जास्त ताणली गेली असेल माझ्याकडून." मग हातातलं घड्याळ पुरं केलं, स्क्रू-ड्रायव्हर आणि चिमटे एकेक पुसून फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळले, त्याला दोरी बांधली आणि दुपारी चार वाजता घरी आले. सातच्या आत बाबा घरी आलेले मी लहानपणापासून पाहिले नव्हते.

"महिनाअखेर दुकान खाली करतो," त्यांनी आईला सांगितलं.

मला फार वाईट वाटलं. मी रोज वीस वेळा वाईट वाटल्याचं लिहिते, पण हे खरं होतं आणि यासाठी माझ्याजवळ एकही तयार वाक्य नव्हतं. तरी मी त्यांचं मन वळवायला बसले. म्हटलं, बाबा, नेटवर लोक काहीही लिहितात. म्हटलं, एका बाईच्या मताने काय होतं. म्हटलं, ती बाई वाईटच आहे, तिने माझ्या 'करावे'मध्येसुद्धा चूक काढली.

"चूक होतीच ती," बाबा म्हणाले. "इतकं बारीक बघणारी बाई माझ्याबद्दल खोटं कशाला लिहील?"



आई इतका वेळ कपडे घडी करत होती. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "तुम्ही दोघं पंधरा दिवस त्या बाईंशी भांडताय. त्यांना नक्की झालंय काय, हे विचारलंत का कुणी?"

"विचारलं की! 'तपशील कळवावा' म्हणून लिहिलं मी."

"याला विचारणं म्हणतात?" आई म्हणाली. "आण इकडे तो फोन."

ती एका बोटाने टाइप करते आणि प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणते. "बाई, घड्याळ घेऊन दुकानात या ना. ह्यांना बघायचंय काय झालं ते. मी पण असेन. चहा घेऊ."

मिनिटभरात उत्तर आलं. "उद्या अकरा वाजता. साखर कमी."

बाबांचा चेहरा उतरला. आत्तापर्यंत तक्रार फोनमध्ये होती. आता घड्याळ स्वतःच्या पायांनी परत येणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात कळवलं की माझी तब्येत बरी नाही आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे. साडेदहालाच आम्ही सगळे जिन्याखाली. सगळे म्हणजे बाबा आत खुर्चीवर, आई थर्मास घेऊन टेबलाच्या कडेला, मी अर्धी आत अर्धी बाहेर आणि पैलवान पूर्ण बाहेर, कारण तो आत आला असता तर भिंतीवरची चार घड्याळं तरी खाली आली असती. चष्मेवाले काका आपल्या दारात उभे राहून एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होते.

अकराला दोन मिनिटं कमी असताना बाबांनी मान वर केली. "आलं," ते म्हणाले.

आम्हाला कुणीच दिसत नव्हतं.

"हिरवं. पाठीवर घंटा आहे. डावा पाय वाकडा होता, मी सरळ केला."

मग जिन्याच्या कोपऱ्यावरून एक ठेंगणी बाई आली. पांढरे कापलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत टिकटिक. त्यांनी पिशवीतून हिरवं घड्याळ काढलं आणि टेबलावर बाबांसमोर ठेवलं.

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सारली आणि उठले. सेहेचाळीस वर्षं ते उठताना जिन्याची खालची बाजू चुकवत आलेत. त्या दिवशी विसरले. डोकं असं आपटलं की वर जिना चढणारा माणूस थांबला.

"अगं बाई!" पाहुण्या म्हणाल्या. "उठताय कशाला? बसा, बसा."

"नाही बाई," बाबा डोकं चोळत म्हणाले. "नियम आहे माझा. घड्याळ तक्रार घेऊन परत आलं की मी उठतो."

"तक्रार? कुणाची तक्रार?"

आता मात्र माझा ताबा सुटला. मी फोन त्यांच्यापुढे धरला. "हे तुम्हीच लिहिलंत ना? हा एक तारा तुम्हीच दिलात ना?"

"मीच दिला. मग काय दुसरा देऊ?" त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. "एक नंबर काम आहे, एक नंबर दिला! छत्तीस वर्षं शाळेत निकाल लावलेत मी. पहिला नंबर तो पहिला. पाचवा आलेला पोरगा घरी कसं सांगू म्हणून रडायचा. आणि इथे ते कोण पाच जण, समाधानी म्हणवतात स्वतःला, आणि सरळ यांना पाचवा नंबर देऊन मोकळे! मला इतका राग आला होता ना."

पैलवान जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागला.

"आणि झोप?" मी विचारलं. माझा आवाज बराच खाली आला होता. "झोप उडवली असं लिहिलंत ते?"

बाई बसल्या. खुर्ची एकच होती, ती रिकामी झालेलीच होती.

"हे माझ्या नवऱ्याचं घड्याळ," त्या म्हणाल्या. "पहाटेची पहिली बस चालवायचे ते. पाचला हे वाजायचं. ते उठायचे, मग मी, मग आख्खं घर. ते गेले आणि याला किल्ली द्यायचं कुणाला सुचलं नाही. मग ते गंजून बसलं, आणि मीही. दोन वर्षं मी झोपून काढली. दहा वाजले तरी पडदा उघडू द्यायची नाही. लेक हाका मारून थकली. शेवटी एक दिवस हे दिसलं, म्हटलं निदान हे तरी नीट करून ठेवावं. मी फक्त चालू करा म्हटलं होतं. यांनी पायसुद्धा सरळ केला याचा, सांगितलं नसताना. दुसऱ्या दिवशी पाचला वाजलं ते असं वाजलं की सगळं घर उठून बसलं. मी चहा टाकला. दोन वर्षांनी." त्यांनी घड्याळाच्या पाठीवरून हात फिरवला. "झोपच उडवली यांनी माझी. दुसरं काय लिहायचं होतं?"

आईने डोळ्यांना पदर लावला. मला तर तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्या बाईंचे एकूण एक शब्द पुन्हा मनातल्या मनात वाचले. असा हात पाहिला नाही. इतकं कुणी करतं का. एका शब्दातही वाकडं काही नव्हतं.

"आणि ते पाखरू?" पैलवानाने बाहेरून दबकत विचारलं.

"ते म्हणायचे मला. आता कुणी म्हणत नाही, म्हणून तिथे लिहिलं."

पैलवान पुढे आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. का ते त्यांना कळलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

गैरसमज मिटला, तरी तारा एकच होता. मी माझं सगळं कसब पणाला लावलं. बाई, इथे एक म्हणजे सगळ्यात वाईट. बाई, पाच म्हणजे उत्तम. बाई, बघा, शेजारच्या काकांना साडेचार आहेत.

"पहिल्याचा पाचवा करू?" त्या ताठ झाल्या. "मी निकाल बदलत नाही. मोठमोठ्यांनी येऊन सांगितलं, नाही बदलला."

मी हात टेकले. तेव्हा बाबांनी भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बोटाने मोठा काटा फिरवला. एक वाजला, एक टोला पडला. पुन्हा फिरवला, दोन टोले. तीन. चार.

"हे नंबर नाहीत बाई," बाबा म्हणाले. "टोले आहेत."

बाईंनी काट्याकडे पाहिलं, मग फोनकडे. "म्हणजे जितके जास्त तितके मोठे?"

"हो."

"असं सरळ सांगायचं ना मग! ही तुमची मुलगी नुसतं 'कृपया कृपया' करत होती. थांबा, बारा देते."

"बारा नकोत," बाबा म्हणाले. "आमचे बारा वाजतील. आणि ते पाचापर्यंतच जातं."

बाईंनी हिरव्या घड्याळाकडे बघितलं. "पाच," त्या म्हणाल्या. "पाचलाच तर वाजतं हे." आणि त्यांनी पिशवीतून आपला फोन काढून पाच तारे दिले.

मी फोनकडे बघत नव्हते. मी बाबांचा हात बघत होते. घड्याळ भिंतीवरून काढेपर्यंत तो थरथरत होता. काट्याला लागल्यावर थांबला, आणि चारही वेळा बरोबर बारावर येऊन थांबला. बाबांनी मला बघताना पाहिलं.

"कपाच्या वेळी थरथरतो," ते हळूच म्हणाले. गेल्या वर्षभरात या हाताबद्दल घरात कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. "घड्याळाच्या वेळी नाही. मी रोज बघतो."

"तरी घड्याळ परत आलं हे खरंच," ते मोठ्याने बाईंना म्हणाले.

"परत कुठे आलंय? चहाला आलंय," आई म्हणाली आणि तिने थर्मास उघडला. सगळ्यांचे कप भरले. बाबांचाही, काठोकाठ. कप वाजला आणि आम्ही तो वाजू दिला.

बाबांनी चहा उभ्यानेच घेतला. नियमाप्रमाणे उठलेच होते, आणि खुर्चीवर पाहुणी होती. बाई निघाल्या तेव्हा ते बसले. दोरी सोडली, फ्लॅनेल उलगडलं आणि चिमटे एकेक करून जागेवर लावायला घेतले.

बाईंच्या पाच ताऱ्यांना उत्तर द्यायला मी फोन उघडला. बोटं सवयीने चालली, 'आपल्याला झालेल्या', आणि पुढचं 'गैरसोयीबद्दल' फोनने आपलं आपणच लिहिलं. मी सगळं पुसलं.

"बाबा, काय लिहू?"

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "दुकान चालू आहे म्हणून लिही."

मी तेवढंच लिहिलं. दुकान चालू आहे. बाई अजून जिन्याच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या. त्या थांबल्या, पिशवीतून फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि एका बोटाने काहीतरी टाइप केलं.

माझा फोन वाजला. "वाक्य बरोबर."